जुन्या कॅसेट लॅपटॉपवर उतरवताना येणारी घरघर : ॲनालॉग संकेताचे नेमके काय होते?

प्रश्न : लष्करवासी (ग्वाल्हेर)

सर्वांना नमस्कार. आमचे आजोबा लष्कर भागात गणेशोत्सवातल्या बैठकींत गात असत. त्यांच्या गाण्याच्या अकरा कॅसेट घरी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्या आहेत. त्या संगणकावर घेण्यासाठी मी कॅसेट डेक ॲम्प्लिफायरला जोडला आणि ॲम्प्लिफायरच्या मागच्या ‘टेप आउट’मधून वायर काढून लॅपटॉपच्या माइकच्या सॉकेटमध्ये दिली. त्यात दोन अडचणी आल्या आहेत. गाण्याच्या पाठीमागे सतत ‘घूंऽऽ’ असा आवाज येतो आणि लॅपटॉपचा चार्जर काढला की तो जवळजवळ नाहीसा होतो. शिवाय आजोबा तार षड्जाकडे गेले की आवाज फाटतो. लॅपटॉपच्या पडद्यावरून पातळी कमी केली, तर तोच फाटका आवाज हळू ऐकू येतो, इतकेच. ॲम्प्लिफायर आणि चार्जर दोन्ही तीन पिनांचे असून समोरासमोरच्या भिंतींवरील वेगवेगळ्या सॉकेटमध्ये लावलेले आहेत. माझा भाचा अभियांत्रिकी शिकतो. ॲनालॉग संकेतात असे चालायचेच, नंतर सॉफ्टवेअरने सगळे स्वच्छ करता येईल, असे तो म्हणतो. हे कितपत खरे आहे? मुळात त्या वायरीतून जाते तरी काय, हे कोणी समजावून सांगितल्यास फार उपकार होतील.

उत्तर १ : ओमचा नियम (इंदूर)

आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण उरलेल्या दोन्ही अडचणींचे मूळ तिथेच आहे. गाताना हवेचा दाब ज्या क्रमाने वाढतो आणि उतरतो, त्याच क्रमाने माइकमधून निघणारे व्होल्टेज वाढते आणि उतरते. ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्या चढउतारांचा ठसा फितीवरच्या चुंबकत्वात उमटतो, आणि कॅसेट वाजवताना डेकच्या हेडमध्ये, म्हणजे फितीला टेकून ती वाचणाऱ्या भागात, त्यापासून पुन्हा व्होल्टेज तयार होते. आवाजाबरहुकूम सलग बदलणारे हे व्होल्टेज म्हणजेच ॲनालॉग संकेत. आजोबांचा षड्ज काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) असेल, तर वायरीतले व्होल्टेज त्या स्वराला सेकंदाला सुमारे १३९ वेळा वरखाली होते. ते किती उंच जाते यावर आवाजाचा मोठेपणा ठरतो, आणि त्या लहरीला जे बारीक उंचवटे आणि खाचा असतात, त्यांतच आवाजाचा लगाव आणि तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा गुंजणारा झंकार, सामावलेली असते. प्रत्येक क्षणीच्या व्होल्टेजला अर्थ आहे, म्हणूनच बाहेरून त्यात जे काही मिसळते तेही गाण्याचाच भाग होऊन बसते. हे आजोबांचे आणि हे बाहेरचे, अशी खूण व्होल्टेजवर नसते.

आता फाटण्याविषयी. ‘टेप आउट’मधून साधारणपणे ३०० मिलिव्होल्टच्या आसपासचा संकेत निघतो, तर माइकचे सॉकेट काही थोड्या मिलिव्होल्टची अपेक्षा धरून बनवलेले असते आणि आत येणाऱ्या संकेताला ते आधी अनेक पटींनी वाढवते. वाढवणाऱ्या सर्किटला त्याच्या वीजपुरवठ्यापलीकडे व्होल्टेज देता येत नाही. त्यामुळे लहरीचे शेंडे कापले जाऊन तिथे सपाट पठार तयार होते, आणि मूळ स्वरात नसलेल्या वरच्या कंप्रता (फ्रीक्वेन्सी) त्यातून निर्माण होतात. आपल्याला ऐकू येणारा कर्कशपणा तोच आहे. आपण पडद्यावर पातळी कमी करता तेव्हा हे सगळे त्याआधीच घडून गेलेले असते. कापलेल्या शेंड्याच्या जागी मूळ आकार कसा होता, हे सॉफ्टवेअर फार तर अंदाजाने भरू शकते. कृपया माइकचे सॉकेट वापरू नका. ‘लाइन इन’ (अशा मोठ्या संकेतासाठीचे सॉकेट) असलेले यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे लॅपटॉपला बाहेरून जोडायचे ध्वनी घेणारे उपकरण, घ्या आणि सर्वांत मोठ्या तानेलाही वर थोडी जागा उरेल अशी पातळी ठेवा. संगणक व्होल्टेजची नोंद आकड्यांत करतो आणि १६ बिटच्या नोंदीत त्यासाठी ६५,५३६ पायऱ्या असतात. थोडी जागा मोकळी सोडल्याने गाण्याचे काही बिघडत नाही.

उत्तर २ : निवृत्त तंत्रज्ञ (वडोदरा)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. घरघरीबद्दल तेवढे मी लिहितो, कारण तिच्यापायी लोक एक धोकादायक चूक करतात.

व्होल्टेज नेहमी दोन बिंदूंमधला फरक असते. आपल्या वायरीत मधली तार आणि भोवतालची जाळी यांच्यातला फरक म्हणजे गाणे. आपला ॲम्प्लिफायर एका भिंतीवरच्या सॉकेटमधून अर्थिंगला (जमिनीला) जोडलेला आहे, लॅपटॉप चार्जरमार्फत दुसऱ्या भिंतीवर, आणि ती जाळी दोघांना जोडते. असे मोठे वेटोळे पूर्ण झाले की घरातल्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या (सेकंदाला ५० आवर्तनांच्या) पुरवठ्यामुळे त्यातून थोडा प्रवाह वाहू लागतो. समजा, जाळीचा रोध ०.१ ओम आहे आणि तिच्यातून २० मिलिअँपिअर प्रवाह जातो आहे, तर तिच्या दोन टोकांत २ मिलिव्होल्टचा फरक पडेल आणि तो सरळ गाण्यात मिसळेल. ३०० मिलिव्होल्टपुढे २ मिलिव्होल्ट किरकोळ वाटतील, परंतु दोन ताना संपून नुसता तंबोरा उरतो, तेव्हा ते स्पष्ट ऐकू येतात. चार्जर काढल्यावर वेटोळे तुटते, म्हणून घरघर थांबते.

काहीजण यावर उपाय म्हणून प्लगची अर्थिंगची पिन कापतात. तसे कृपया कधीही करू नका. उपकरणात बिघाड झाल्यास त्याच्या धातूच्या पेटीवर वीज उतरू शकते आणि तेव्हा आपला जीव त्या पिनेवरच अवलंबून असतो. कॅसेटची एक बाजू संपेपर्यंत लॅपटॉप बॅटरीवर चालवा, किंवा दोन्ही उपकरणे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. एवढ्यानेही भागले नाही, तर वायरीच्या मध्ये एकास एक प्रमाणाचा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर बसवा. त्यातून संकेत चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो आणि दोन्ही जाळ्या एकमेकींना जोडाव्या लागत नाहीत.

भाच्याला एवढेच सांगा की घरघर ५० हर्ट्झवरच थांबत नाही, १०० आणि १५० वरही ती असते. काळी एकच्या षड्जावरचा कोमल ऋषभ १४८ हर्ट्झच्या आसपास येतो. सॉफ्टवेअरने १५० ची पट्टी कापली, तर आजोबांच्या भैरवीतला नेमका तो ऋषभ झिजेल.

लष्करवासी

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री दोन्ही उपकरणे एकाच बोर्डावर घेऊन पाहिले. घरघर पुष्कळ कमी झाली, आणि लॅपटॉप बॅटरीवर घेतल्यावर पूर्ण गेली. आता पहिल्या कॅसेटमध्ये आजोबा पेटीवाल्यांना हळूच “थांबा” म्हणतात, तेही ऐकू येते. घरात कोणालाच ते माहीत नव्हते. इंटरफेस मागवले आहे. मात्र चौथी कॅसेट पांघरुणाआडून ऐकू यावी तशी दबकी वाजते. हाही वायरीचाच दोष असेल का?

उत्तर ३ : फीतप्रेमी (ग्वाल्हेर)

बाकीच्या कॅसेट स्वच्छ वाजत असतील, तर दोष वायरीत नाही. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते, म्हणजे १०,००० हर्ट्झच्या एका लहरीला फितीवर केवळ ४.७६ मायक्रोमीटर जागा मिळते. ती कॅसेट ज्या यंत्रावर भरली त्याच्या हेडचा कोन आपल्या डेकपेक्षा किंचित वेगळा असेल, तर हेडच्या फटीच्या वरच्या आणि खालच्या भागाला एकाच वेळी लहरीचे वेगवेगळे टप्पे मिळतात, ते एकमेकांना मारतात आणि वरच्या कंप्रता नाहीशा होतात. प्रथम आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने हेड पुसून, ते पूर्ण वाळू द्या. तरीही फरक पडला नाही, तर हेडच्या बाजूला स्प्रिंग असलेला एक छोटा स्क्रू दिसेल. त्याच्या मूळ जागेवर आधी पेनाने खूण करा आणि कॅसेट चालू ठेवून तो पाव फेऱ्याहूनही कमी, अगदी सावकाश फिरवा. गाण्याकडे लक्ष देऊ नका, तंबोऱ्याच्या जवारीकडे द्या. ती जिथे सर्वांत मोकळी होईल तिथे थांबून ती बाजू उतरवून घ्या. पुढची कॅसेट लावण्यापूर्वी स्क्रू न विसरता पेनाच्या खुणेवर परत आणा.