अ‍ॅनालॉग सिंथचा स्वभाव ओळखायचा कसा? (रेझोनन्स, सूर सरकणे)

घणसोलीकर:
मिनिमूग या जुन्या सिंथेसायझरच्या धर्तीचा मोनो सिंथ (एका वेळी एकच सूर वाजवणारा) घेतलाय: तीन ऑसिलेटर (मूळ लहर तयार करणारे), लॅडर फिल्टर (वरच्या वारंवारता कापणारा). तयार पॅच (नॉबांच्या आधीच ठरवलेल्या जुळण्या) नकोत, यंत्राचा स्वतःचा आवाज समजून घ्यायचाय. दोन गोष्टींनी अडलंय. रेझोनन्स, म्हणजे कटऑफपाशी (फिल्टर जिथून कापायला लागतो ती वारंवारता) दिलेला उठाव, वाढवला की बेस गळतो. आणि भर दुपारी लावलेला सूर एसी सुरू केल्यावर वरच्या सप्तकांमध्ये थोडा चढा लागतो. हा बिघाड की स्वभाव? ऑडिओ इंटरफेस, ऑडॅसिटी (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) आणि ट्यूनर हाताशी आहे.

खारेगाव_खाडी:
बेस गळणं हा स्वभावच. लॅडरमध्ये रेझोनन्स म्हणजे फिल्टरचं आउटपुट उलटं करून परत इनपुटला देणं. कटऑफपाशी फिल्टरच्या चार टप्प्यांत मिळून फेज (लहरीची स्थिती) अर्धा फेरा, १८० अंश, फिरते आणि उलटा सिग्नल पुन्हा सुलटा होतो, म्हणून तिथे आवाज फुगतो. कटऑफच्या बराच खाली मात्र तो उलटा सिग्नल मूळ सिग्नललाच कापतो. प्रत्येक टप्पा कटऑफला ३ डीबी घटवतो, चार मिळून १२. ती घट भरून निघून फिल्टर आपणहून शिट्टी वाजवायला फीडबॅक (परत दिलेला सिग्नल) चौपट लागतो, आणि तेव्हा खालची पातळी एक-पंचमांशावर येते, म्हणजे जवळजवळ १४ डीबी कमी. काही यंत्रांत याची भरपाई केलेली असते, तिथे घट कमी दिसेल.

तपासणीची सुरुवात अगदी कोरडी करा. एकच ऑसिलेटर, सॉ (करवतीच्या दात्यांसारखी) लहर, फिल्टर पूर्ण उघडा, रेझोनन्स आणि फिल्टर कॉन्टूर (सुरागणिक कटऑफ आपोआप हलवणारा भाग) शून्य. ११० हर्ट्झचा सूर दहा सेकंद रेकॉर्ड करा, पीक -१२ डीबीच्या आसपास ठेवून. ऑडॅसिटीच्या प्लॉट स्पेक्ट्रममध्ये आदर्श सॉचा दुसरा हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या दुप्पट असलेला घटक) मूळ सुराच्या ६ डीबी खाली, तिसरा ९.५, चौथा १२ असा दिसतो. तुमच्या यंत्राचा फरक लिहून ठेवा. स्क्वेअर (चौकोनी) लहरीत दुसरा हार्मोनिक डोकावला तर पल्सची रुंदी नेमकी ५० टक्के नाही. तेही स्वभावातच धरा.

मग सिंथवरच्या मिक्सरकडे वळा. माझ्या मते या घराण्याचा खरा आवाज इथेच घडतो, आणि लोक मात्र कटऑफ फिरवत बसतात. ऑसिलेटरची पातळी ३, ५, ७, १० अशी वाढवत तोच सूर रेकॉर्ड करा. ऐकण्याआधी सगळ्या फाइलींची पातळी सारखी करा, नाहीतर मोठा आवाज तोच चांगला वाटतो. पातळी कमी असताना फिल्टर स्वच्छ आणि रेझोनन्स टोकदार. जास्त असताना ट्रान्झिस्टर दबतात आणि रेझोनन्स गिळला जातो. जाडी हवी असेल तर रेझोनन्स कमी, मिक्सर जास्त.

पुढची पायरी: हेडफोन आउटमधून एक्स्टर्नल इनपुटला केबल, म्हणजे सिंथचाच आवाज परत त्याच्यात जातो. मिनिमूगवरची जुनीच युक्ती. आधी स्पीकर अगदी हळू करा, मग इनपुटचा नॉब शून्यापासून उघडा. पातळी एकदम उसळते.

पाचपाखाडी_पॅच:
सुराबद्दल. कीबोर्डचा १ व्होल्ट म्हणजे एक सप्तक. आतल्या ट्रान्झिस्टरला मात्र वारंवारता दुप्पट करायला खोलीच्या तापमानाला सुमारे १८ मिलिव्होल्ट पुरतात, आणि हा आकडा तापमानाबरोबर बदलतो. ३३ अंशांवरून २५ वर आलात की २.६ टक्के फरक. भरपाई नसेल तर संदर्भाच्या सुरापासून तीन सप्तकं वर जवळजवळ अर्धा स्वर चढेल! म्हणून सर्किटमध्ये तापमानाप्रमाणे बदलणारा रेझिस्टर घालतात, तरी थोडंफार उरतंच.

ज्या तापमानाला रेकॉर्ड करणार तेच ठेवून अर्धा तास यंत्र चालू राहू द्या. एसीचा झोत अंगावर नको. मग पाच सप्तकांतला सा ट्यूनरवर बघा. सगळीकडे सारखीच चूक असेल तर ट्यून नॉब पुरे. चूक सप्तकागणिक वाढत गेली तर स्केल ट्रिमर (सप्तकांमधलं अंतर जुळवायचा छोटा पेच). तो मॅन्युअल वाचून, यंत्र गरम असताना, प्लॅस्टिकच्या पेचकसानेच.

खारेगाव_खाडी:
+१. आणि सगळा सरकता सूर मारून टाकू नका. दोन सॉ ४ सेंटनी (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) वेगळे ठेवले तर ४४० हर्ट्झला सेकंदाला साधारण एक विस्पंद (आवाजाचा चढउतार) येतो, ११० ला चार सेकंदांना एक. वरचे हार्मोनिक त्याच्या पटीत वेगाने हलतात, म्हणून आवाज जिवंत वाटतो. तानपुऱ्याची जोड लावताना ऐकता तसंच कान देऊन ऐका.

घणसोलीकर:
धन्यवाद, मिक्सरपासून सुरू करतो. अजून एक: यूएसबी लावली की ५० हर्ट्झची घरघर येते.

पाचपाखाडी_पॅच:
ग्राउंड लूप, म्हणजे यंत्रांची जमीन (ग्राउंड) दोन वाटांनी जोडली जाऊन झालेलं वेटोळं. यूएसबी काढा आणि पाच पिनांच्या केबलने मिडी (सूर वाजवायच्या सूचना) द्या. त्यात ऑप्टोकपलर (सिग्नल प्रकाशातून पलीकडे देणारा भाग) असतो, जमिनीची जोडणीच होत नाही. तरीही घरघर उरली तर ऑडिओ आउटपुटला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंग पिन काढायची नाही, कुणी कितीही सांगो.

पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत पॉट (नॉबमागचे बदलते रेझिस्टर) करकरतात. यंत्र बंद करून पॉटसाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर एक फवारा, नॉब वीसेक वेळा पूर्ण फिरवा, वाळू द्या. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे नको, त्यावर धूळ बसते. आणि एसीच्या खोलीतून यंत्र बाहेर नेलं तर तासभर पिशवीतच राहू द्या, थंड बोर्डावर पाणी धरतं.