मदत हवी आहे: निरोप आत जातो, निरोप्या बाहेरच राहतो, हे दीड मिनिटाच्या व्हिडिओत कसं दाखवावं?

नमस्कार मंडळी,

मी पदवीच्या पहिल्या वर्षाला जीवशास्त्र शिकवते. पेशींमधलं संदेशवहन हा भाग या सत्रात मी वेगळ्या पद्धतीने घेतला. मुलांचे चार-चारचे आठ गट केले आणि प्रत्येक गटाला दीड मिनिटाचा व्हिडिओ करायला सांगितला. विषय सगळ्यांना एकच: ॲड्रेनालिन हे संकटाच्या वेळी सुटणारं संप्रेरक रक्तातून यकृताच्या पेशीपाशी पोचतं आणि थोड्याच वेळात त्या पेशीतून ग्लुकोज बाहेर पडू लागतं, तर मधल्या वेळात काय काय घडतं? साहित्य घरातलं, कॅमेरा फोनचा, निवेदन स्वतःच्या शब्दांत.

पहिले कच्चे व्हिडिओ परवा हाती आले. मुलांनी जीव ओतलाय. एका गटाने काचेवर मातीची पेशी केली आणि एक निळा मणी कणाकणाने सरकवत दोनशेच्या वर फोटो काढले. मणी डुलत डुलत येतो, पेशीपटलावरच्या लाल खोबणीत, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनात (रिसेप्टरमध्ये), बसतो, क्षणभर थांबतो. इथपर्यंत मी श्वास रोखून बघत होते. मग खोबण उघडते, मणी आत शिरतो, तडक केंद्रकापर्यंत जातो आणि केंद्रक पिवळं होतं.

आठपैकी पाच व्हिडिओंत हेच आहे. ॲड्रेनालिन आत जातं.

त्याच मुलांना मी कागदावर विचारलं, तर सगळ्यांनी बरोबर लिहिलं: ‘रिसेप्टर पेशीपटलात असतो, ॲड्रेनालिन त्याला बाहेरून चिकटतं.’ म्हणजे वाक्य पाठ आहे, पण हात मणी आत ढकलतो. मला वाटतं यात आमच्या शिकवण्याचाही दोष आहे. आम्ही ‘निरोप’, ‘संदेश’ असे शब्द वापरतो आणि मुलांच्या डोळ्यांपुढे चिठ्ठी येते. चिठ्ठी वाचायची तर ती घरात यायलाच हवी. रिसेप्टरचा आकार बदलला एवढाच तो निरोप, हे काही केल्या डोळ्यांना दिसत नाही. व्हिडिओ करायला सांगितले नसते तर ही गफलत मला कधी कळलीच नसती, म्हणून हा उपक्रम मला सोडायचा नाहीये.

तर पहिली मदत ही हवी: बाहेर काहीतरी चिकटलं आणि त्यामुळे आत काहीतरी हललं, पण पटल ओलांडून काहीच गेलं नाही, हे घरगुती साहित्यात कसं दाखवता येईल?

दुसरं, निरोप थांबतो कसा हे एकाही व्हिडिओत नाही. सगळे ग्लुकोज बाहेर पडण्यावर संपतात.

आणि तिसरं निवेदनाबद्दल. ‘पेशीला कळतं की संकट आलंय’, ‘पेशी ठरवते’ अशी वाक्यं जागोजाग आहेत. ती काढायला लावू की राहू देऊ?

पुढच्या फेरीसाठी सरसकट नियमच करावा असं मनात आहे: मणी पटलाच्या आत गेला की व्हिडिओ परत. जाणकारांनी जरूर सांगावं.

प्रतिसाद – सूक्ष्मदर्शक

ताई, आधी नियमाबद्दल बोलतो, कारण तो केलात तर पुढच्या वर्षी पंचाईत होईल. काही निरोपे खरोखरच आत जातात. कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन ही स्टिरॉइड संप्रेरकं मेदात विरघळणारी आहेत, ती पटलातून पार होतात आणि त्यांचे रिसेप्टर पेशीच्या आतच असतात. तिथे गोष्ट केंद्रकापर्यंत जाते, जनुकं चालू-बंद होतात आणि म्हणून परिणाम दिसायला तास लागू शकतात. नायट्रिक ऑक्साइड तर वायूच आहे, तोही सरळ आत शिरतो आणि रक्तवाहिनीच्या भिंतीतला स्नायू सैल करतो. त्या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं.

म्हणजे तुमच्या मुलांचा व्हिडिओ कॉर्टिसॉलचा असता तर जवळजवळ बरोबर ठरला असता! त्यांना हे नक्की सांगा. मणी आत जाऊ शकतो का, हे मण्यावर अवलंबून आहे. ॲड्रेनालिन पाण्यात विरघळणारं आहे, पटलाचा मधला थर तेलकट आहे, म्हणून ते अडतं. नियमापेक्षा हे कारण दिलंत तर पुढचा प्रत्येक निरोप्या कुठे थांबणार ते मुलं स्वतःच ओळखतील.

आणि केंद्रक पिवळं करण्याची इथे गरजच नाही. ग्लायकोजेन (पेशीतला ग्लुकोजचा साठा) फोडणारी विकरं पेशीद्रव्यात आधीपासून तयार असतात, फक्त झोपलेली असतात. त्यांना जागं करायचं असतं, नव्याने बनवायचं नसतं. म्हणून तर हे काम इतक्या झटपट होतं.

प्रतिसाद – धागादोरा

मी विज्ञान शिकवत नाही, शाळांसाठी हाताने हलवायची मॉडेलं करते. पण हे मॉडेल मी एकदा केलेलं आहे, म्हणून लिहिते.

भरतकामाची गोल रिंग घ्या आणि तिच्यात कापड ताणून बसवा. हे पेशीपटल. रिंग उभी धरायची, एक बाजू बाहेरची, दुसरी आतली. आता जाड लोकरीचा धागा सुईत ओवून बाहेरून आत, आतून बाहेर असा सात वेळा पार करा. ॲड्रेनालिनचा रिसेप्टर म्हणजे एकच लांब प्रथिन असतं आणि ते पटलातून सात वेळा आरपार जातं. सात हा विषम आकडा, त्यामुळे धाग्याचं एक टोक बाहेर राहतं आणि दुसरं आत. टाके सैल ठेवा, दोन्ही बाजूंना वेटोळी लोंबली पाहिजेत.

आता बाहेरच्या दोन वेटोळ्यांमध्ये मणी अडकवा आणि हलकेच ओढा. आतल्या बाजूचं एक वेटोळं आखडतं. त्या वेटोळ्याला कागदाची चिमुकली झडप टाचणीने लावून ठेवली असेल तर ती उघडते. मणी जिथल्या तिथेच! कॅमेरा रिंगेच्या कडेवर धरा, म्हणजे दोन्ही बाजू एकाच चौकटीत दिसतील. मी हे पहिल्यांदा मुलांपुढे हलवलं तेव्हा एक मुलगी मण्याकडे बघतच नव्हती, ती रिंगेच्या मागे जाऊन झडप बघत होती.

कापड फार जाड नको, धागा अडकतो. आणि लोकर व कापड वेगळ्या रंगाची घ्या, फोनवर एकसारखे रंग मिसळून जातात.

प्रतिसाद – सूक्ष्मदर्शक

फारच सुंदर. खऱ्या रिसेप्टरमध्येही असंच काहीसं होतं. ॲड्रेनालिन बाहेरच्या बाजूच्या खळग्यात बसलं की पटल ओलांडणाऱ्या सात दांड्यांपैकी सहाव्याचं पेशीच्या आतलं टोक बाकीच्या दांड्यांपासून दूर झुकतं. तिथे जी जागा होते तिच्यात जी-प्रथिन, म्हणजे पटलाच्या आतल्या बाजूचं चालू-बंद होणारं प्रथिन, बसतं. अशा रिसेप्टरांवरच्या कामासाठी लेफ्कोविट्झ आणि कोबिल्का यांना २०१२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मला तो पहिल्याहून मोलाचा वाटतो. निरोप थांबला नाही तर काय होतं ते पटकीत (कॉलऱ्यात) दिसतं. जी-प्रथिनाच्या हातात जीटीपी हा छोटा रेणू आला की ते चालू होतं आणि त्यामुळे सायक्लिक एएमपी, म्हणजे पेशीच्या आतला निरोप्या, तयार होतं; तेच पुढे यकृतातल्या त्या झोपलेल्या विकरांना जागं करतं. पण त्याच्या पोटातच एक घड्याळ आहे: तो जीटीपी ते स्वतःच तोडून जीडीपी करतं आणि बंद पडतं. पटकीच्या जिवाणूचं विष आतड्याच्या पेशीत नेमकं हे घड्याळ बिघडवतं. प्रथिन चालूच राहतं, सायक्लिक एएमपी वाढतच जातं, पेशी क्षार बाहेर टाकत राहतात आणि त्यांच्यामागे पाणी जातं. माणूस कोरडा पडतो. हे विष असतं हे शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये कोलकात्यात दाखवून दिलं.

एखाद्या गटाला शेवटची वीस सेकंदं ‘बंद’ला द्यायला सांगा. जी-प्रथिन बंद होणं आणि सायक्लिक एएमपी फोडणाऱ्या विकराने ते साफ करणं, एवढं पुरे.

एक बारीक गोष्ट. यकृतावर ॲड्रेनालिनसाठी दुसऱ्या जातीचेही रिसेप्टर आहेत आणि तिथून कॅल्शियमची वेगळी वाट निघते. दीड मिनिटात ती नको, पण निवेदनात ‘फक्त याच मार्गाने’ असं येऊ देऊ नका.

प्रतिसाद – जुना विद्यार्थी

मी असा व्हिडिओ विद्यार्थी म्हणून केलाय, तेव्हा त्या बाजूने लिहितो. आमचाही मणी रुळावरून आल्यासारखा सरळ रिसेप्टरकडे जायचा. एका मैत्रिणीने विचारलं, त्याला पत्ता कुणी दिला? आम्ही गप्प. मग आम्ही ताटात शेकडो मणी टाकले, कडेला तीन खोबणी चिकटवल्या आणि ताट हलवत राहिलो. वरून चित्रण केलं. मणी कुठेही जातात, आपटतात, परततात, आणि एखादा खोबणीत बसतो. थोड्या वेळाने सुटतोही. रेणू असेच असतात, शोधत कुणी येत नाही. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला त्या ताटात मिळालं. ते दृश्य पुढे असताना ‘पेशी ठरवते’ हे वाक्य आमच्या तोंडून आलंच नाही. शब्द खोडत बसण्यापेक्षा चित्र बदललं तर वाक्य आपोआप बदलेल असं वाटतं.

मापाचंही सांगतो. दहा मायक्रोमीटरची पेशी एक मीटर रुंद काढली, तर त्याच प्रमाणात पटल एक मिलीमीटरही जाड होत नाही. सगळे जण विटेच्या भिंतीएवढं जाड काढतात. रिंग आणि कापडाच्या दृश्याआधी हे एक वाक्य घाला, म्हणजे आपण किती जवळ आलोय ते बघणाऱ्याला कळेल.

प्रतिसाद – वाचनमात्र

सगळ्या आठ गटांना एकच विषय का? एखाद्या गटाला ॲसिटिलकोलिन, म्हणजे चेतांच्या टोकांतून सुटणारा निरोप्या, द्या ना. तोच रेणू हृदयाचे ठोके मंदावतो, हातापायाचा स्नायू आखडवतो आणि लाळग्रंथीतून लाळ काढतो. निरोपाचा अर्थ रेणूत नसून घेणाऱ्या पेशीत असतो, हे याच्याइतकं स्वच्छ कुठेच दिसत नाही.

आणि त्याची सुरुवात १९२१ मधल्या ओटो लोवींच्या प्रयोगाने करता येईल. बेडकाची दोन हृदयं द्रवात धडधडत ठेवलेली. पहिल्याच्या व्हेगस चेतेला (हृदयाकडे येणाऱ्या मज्जातंतूला) विजेचा झटका दिला, ते मंदावलं. त्याच्याभोवतीचा द्रव उचलून दुसऱ्यावर घातला, तेही मंदावलं. झटका दुसऱ्याला बसलेलाच नव्हता, म्हणजे निरोप द्रवात उतरलेल्या रेणूने नेला, आणि तो रेणू म्हणजेच ॲसिटिलकोलिन. हे दाखवायला दोन पेले आणि एक ड्रॉपर बास.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. नियम रद्द केला. त्याऐवजी काल वर्गात फक्त एवढं विचारलं की हा मणी पाण्यात विरघळणारा की तेलात? काचेवरच्या मण्याचा गट बराच वेळ आपसांत कुजबुजत होता. मग त्यांच्यातली एक म्हणाली, “मॅडम, आमचे शेवटचे साठ फोटो चुकलेत.” मी काहीच सांगितलं नव्हतं.

त्यांनी पहिले फोटो तसेच ठेवलेत. मणी खोबणीत बसला की दृश्य तुटणार आणि धागादोरा ताईंची रिंग येणार. आज मधल्या सुट्टीत चौघांनी मिळून सात टाके घातले. पहिल्यांदा आठ झाले, दोन्ही टोकं बाहेरच राहिली, तेव्हा उसवून पुन्हा घातले. दोन गट ॲसिटिलकोलिनकडे वळलेत, एक गट पटकीच्या घड्याळाकडे.

एकच अडचण उरलीय. ओढल्यावर झडप उघडते, पण मणी सोडला की ती मिटत नाही, लोकर तशीच आखडलेली राहते. ‘बंद’ दाखवायला ती मिटायला हवी.

प्रतिसाद – धागादोरा

झडपेच्या मागे रबरबँडचा तुकडा लावा, एक टोक झडपेला आणि दुसरं रिंगेला. बारीक घ्या, जाड रबर झडप उघडूच देणार नाही. आणि आतलं वेटोळं अजून बोटभर सैल सोडा.