केळीच्या धाग्याची पेटी पावसात फुगली, सोमवारपर्यंत मदत हवी

तापीकाठ: राम राम मंडळी. रेझिनमध्ये, म्हणजे नंतर घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात, केळीच्या खांबाचा धागा घालून मोटरच्या स्टार्टरसाठी पेटी केलीय. साच्यातून निघाली तेव्हा एकदम टकाटक. परवा रात्रभर मळ्यात पावसात राहिली. सकाळी कडेला पांढरे पट्टे, एक कोपरा फुगलेला. तोडून पाहिलं तर धागा अलगद उपसून आला, मागे नुसती भोकं. सोमवारी गिऱ्हाईक येणार आहे. काय चुकलं, पटकन सांगा.

खटपट्या: रेझिन कोणतं? धागा कसा सुकवला? कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून काढला होता का?

तापीकाठ: टाकी दुरुस्तीवाले वापरतात तेच रेझिन. धागा दोन दिवस उन्हात होता. कॉस्टिक कशाला?

काळापाषाण: केळी सोडा भाऊ, बेसाल्टचं कापड घ्या. अजिंठ्याची लेणी ज्या दगडात कोरली तोच दगड, १४०० अंशांच्या वर वितळवून त्याची तार ओढतात. पाणी पीत नाही, सडत नाही.

सावदेकर: त्याच्या बांधावर खांब फुकट सडतायत आणि तुम्ही कापड विकत घ्यायला सांगताय! शिवाय बेसाल्टची घनता २.७ च्या आसपास, केळीच्या धाग्याची साधारण निम्मी. पेटी उचलायची कोणी?

काळापाषाण: स्टार्टरची पेटी रोज डोक्यावर घेऊन फिरतात का?

धुळ्याचा भाऊ: आमना आजानी मातीमा कुटार कालाईसन भिती बांध्यात, आजून उभ्या शेतस.

पत्रेवाला: सिमेंटच्या जुन्या पत्र्यातही धागाच असतो. चाळीस पावसाळे काढतो.

सावदेकर: तो ॲस्बेस्टॉस. कापताना उडणारी धूळ फुप्फुसात गेली तर कॅन्सर होतो. इथे नकोच तो विषय.

नुसताच वाचक: रावेरला आज केळीला काय भाव निघाला?

खटपट्या: तापीकाठ, धागा स्वच्छ उपसून आला म्हणजे रेझिननं तो धरलाच नव्हता. वर मेणचट थर असतो. ५ टक्के कॉस्टिकच्या पाण्यात तासदोन तास बुडवा, रात्रभर नको, धागाच कमजोर होतो. हातमोजे घाला, कॉस्टिक पाण्यात टाका, पाणी कॉस्टिकवर ओतू नका. मग बुळबुळीतपणा जाईपर्यंत धुवा. आणि दमट हवेत नुसत्या उन्हावर भागत नाही. १०० ग्रॅम धागा ओव्हनमध्ये १०० अंशांवर दोन तास ठेवून परत वजन करा.

तापीकाठ: केलं. ८९ ग्रॅम भरला!

खटपट्या: मग एवढं पाणी तुम्ही आतच कोंडलं होतं. पण बाहेरचं पाणी शिरलं कुठून? पेटी कापली का कुठे?

तापीकाठ: कापली नाही. वायरीसाठी खालून दोन भोकं पाडली फक्त. फुगलेला कोपरा तिथलाच.

सावदेकर: अहो, हे आधी सांगायचं!

तापीकाठ: वायर भोकातूनच जाणार ना, त्यात काय सांगायचं?

खटपट्या: भोकात धाग्याची टोकं उघडी पडतात. धागा आतून नळीसारखा, पाणी ओढत नेतो. भोकं आणि कडा रेझिननं बुजवून घ्या. सोमवारी ही पेटी दाखवू नका. नवा हातभर तुकडा करून गिऱ्हाईकासमोर बादलीत बुडवा.

तापीकाठ: कॉस्टिक आणायला निघालो. रेझिन घट्ट करायला घालतात ते कोबाल्ट आणि हार्डनर एकाच डब्यात मिसळून ठेवले तर वेळ वाचेल ना?

खटपट्या: अजिबात नाही! थेट एकत्र आले की भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळायचं, हार्डनर त्यानंतर. बाटल्यासुद्धा दोन टोकांना ठेवा.

तापीकाठ: बरं झालं विचारलं. बाटल्या शेजारीशेजारीच होत्या, हलवल्या.