'नॅनोझाइम'ला मराठीत काय म्हणावं?

ऐरोलीकर : आमच्या ज्युनिअर कॉलेजात विज्ञान दिनाचे फलक मराठीत करतोय. विषय आहे एन्झाइमसारखं काम करणारे सच्छिद्र नॅनोपदार्थ आणि जिवाणूंचं संक्रमण. अशा पदार्थांना नॅनोझाइम म्हणतात. विकर म्हणजे एन्झाइम, शरीरातल्या रासायनिक क्रिया वेगाने घडवणारं प्रथिन; मग नॅनोझाइमला 'कृत्रिम विकर' चालेल का?

नौपाड्याचे काका : नको. प्रयोगशाळेत घडवलेल्या प्रथिनालाही कृत्रिम विकर म्हणता येईल, आणि इथे तर प्रथिनच नाही. मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचे, सूक्ष्म कण पेरॉक्सिडेज या (हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून क्रिया घडवणाऱ्या) विकराचं काम करतात, हे 2007 साली चिनी संशोधकांनी दाखवलं. 'विकरसदृश' म्हणा. काम सारखं, कूळ वेगळं. आणि 'संक्रमण' सूर्याचं, रोगाचा 'संसर्ग'.

तुर्भे लॅबवाली : काका, 'विकरसदृश अब्जांश पदार्थ' वाचून पोरं पुढच्या फलकाकडे पळतील! लॅबमध्ये आम्ही नॅनोझाइमच म्हणतो. 'सच्छिद्र' मात्र नीट समजावा, नाहीतर चाळणी डोळ्यांपुढे येते. यातली मेसोपोअर म्हणतात ती छिद्रं 2 ते 50 नॅनोमीटरची (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग). जिवाणू साधारण हजार नॅनोमीटरचा, तो आत कुठला शिरतोय! छिद्रांमुळे आतला पृष्ठभाग अफाट वाढतो, रासायनिक क्रियेला जागा मिळते, शिवाय औषध भरून ठेवता येतं.

ऐरोलीकर : बरं झालं, 'छिद्रांत जिवाणू अडकतात' असं एका मुलाने लिहिलंच होतं. मग नॅनोझाइमने जिवाणू ओळखायचे कसे?

तुर्भे लॅबवाली : रंगावरून. टीएमबी नावाचं रसायन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्यात पेरॉक्सिडेजसारखा नॅनोझाइम पडला की निळा रंग येतो. त्या कणांवर ठरावीक जिवाणूलाच धरणारं प्रतिपिंड बसवतात. रंग किती गडद यावरून जिवाणूंचा अंदाज येतो. त्याच पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे अतिशय क्रियाशील कण, बनतात, ते जिवाणूचं आवरण फाडतात.

कोपरखैरणे : सरळ 'जंतू' लिहा की.

नौपाड्याचे काका : जंतूंत विषाणू, बुरशी सगळंच आलं. 'जिवाणू'च. आणि नुसतं 'उपचार' लिहू नका, 'उपचारासाठी संशोधन' लिहा. बरंचसं काम अजून प्रयोगशाळेत आणि उंदरांवर चाललंय. उद्या कुणाची आजी मेडिकलमध्ये जाऊन मागेल. रॅडिकलला 'मूलक' आहे, बरं का.

ऐरोलीकर : शीर्षक ठरलं : 'नॅनोझाइम : विकराचं काम करणारे सच्छिद्र कण'. 'मूलक' घेऊ की 'रॅडिकल'?

तुर्भे लॅबवाली : रॅडिकल. मूलक मला कोशात बघावा लागला.