बाबांना इन्कम टॅक्सची नोटीस आलीय आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ‘ऑफिसर’चे फोन, खरं काय धरायचं?

पंचगंगाकाठ:
नमस्कार मंडळी, घाईत टाइप करतोय, सांभाळून घ्या. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून रिटायर झालेत, पेन्शन आणि थोड्या एफडी, बाकी काही नाही, रिटर्न दरवर्षी वेळेत भरतो. सोमवारी त्यांच्या मेलवर १४३(१) ची इंटिमेशन आली, म्हणजे रिटर्न तपासून डिपार्टमेंट पाठवतं ते हिशेबाचं पत्र, सोबत पासवर्ड लावलेली पीडीएफ, मोबाईलवर एसएमएस पण आला. ती उघडायची की नाही या विचारात असतानाच बुधवारी व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल, डीपीला अशोकस्तंभ, माणूस हिंदीत बोलत होता, मुंबई ऑफिसमधून बोलतोय म्हणाला, तुमची डिमांड, म्हणजे टॅक्सची बाकी, पेंडिंग आहे, संध्याकाळपर्यंत भरली नाही तर खातं फ्रीज होईल आणि वॉरंट निघेल. मग शिक्का मारलेलं एक पत्र आणि क्यूआर कोड पाठवला. बाबा आयुष्यात कधी कुणाचं देणं ठेवलेले नाहीत, ते म्हणतात भरून टाकू आणि मोकळे होऊ. आई त्यांच्या शेजारी बसून राहिलीय, फोन उचलू देत नाहीये. मला कळत नाहीये की मेल पण खोटा आहे का, की मेल खरा आणि फोन खोटा? प्लीज कुणीतरी सांगा.

हिशेबनीस:
दादा, पहिलं म्हणजे आज एक रुपयाही भरू नका आणि आईंना म्हणावं अगदी बरोबर केलंत. मी टॅक्सचंच काम करतो म्हणून सविस्तर लिहितो.

मेल आणि फोन या दोन गोष्टी वेगळ्या धरा. फोनवाला खोटाच आहे, त्यात शंका नको. डिपार्टमेंट क्यूआर पाठवून पैसे मागत नाही, ओटीपी, कार्ड नंबर, पिन विचारत नाही, आणि रिटर्नमधल्या फरकासाठी संध्याकाळपर्यंत वॉरंट वगैरे काही कायद्यात नाहीये. इंटिमेशनमध्ये डिमांड निघाली तर भरायला ३० दिवस असतात, त्यानंतर महिन्याला १ टक्का व्याज सुरू होतं. वसुलीसाठी खात्यावर टाच येऊ शकते हे खरं, पण ती फार पुढची पायरी, आणि आधी कागदोपत्री कळवलं जातं.

मेल मात्र खरा असू शकतो. तो पडताळायला मेलमधल्या लिंकवर जाऊ नका, मेलमधल्या नंबरवर फोनही करू नका. ब्राउझरमध्ये स्वतः इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन असा पत्ता टाइप करा, पत्त्याचा शेवट गव्ह डॉट इन असाच आहे ना ते बघा. होमपेजवर क्विक लिंक्समध्ये ‘ऑथेंटिकेट नोटीस / ऑर्डर’ असं काहीतरी दिसेल, त्याला लॉगिन लागत नाही. तिथे कागदावरचा डीआयएन (प्रत्येक सरकारी पत्राचा स्वतंत्र ओळख क्रमांक) आणि तुमचा मोबाईल नंबर टाकायचा, ओटीपी येतो, आणि तो कागद डिपार्टमेंटने काढलाय की नाही ते समोर येतं. १ ऑक्टोबर २०१९ पासून डिपार्टमेंटच्या पत्रांवर हा डीआयएन घालणं बंधनकारक केलंय. व्हॉट्सअ‍ॅपवाल्या पत्रावर तो आहे का बघा, बहुतेक नसेलच. आणि असला तरी लगेच विश्वास नको, कुणा दुसऱ्याच्या खऱ्या नोटिशीचा नंबर उचलून चिकटवता येतो, म्हणून पॅन आणि वर्ष बाबांचंच दाखवतंय ना तेही जुळवा.

सगळ्यात पक्कं म्हणजे बाबांच्या लॉगिनमध्ये जाऊन बघणं. खरी नोटीस असेल तर ती ‘पेंडिंग अ‍ॅक्शन्स’ खाली ई-प्रोसीडिंग्ज किंवा आउटस्टँडिंग डिमांडमध्ये दिसते, आणि इंटिमेशनची पीडीएफ त्या वर्षाच्या रिटर्नखालूनच डाउनलोड होते, मेलमधली उघडायची गरजच नाही. पासवर्ड म्हणजे पॅन छोट्या लिपीत आणि लगेच पुढे जन्मतारीख, दिवस महिना वर्ष, मध्ये जागा न सोडता.

आत एक मोठा तक्ता असतो, एका कॉलममध्ये तुम्ही भरलेले आकडे आणि शेजारी त्यांनी काढलेले. घाबरून फक्त शेवटची ओळ वाचू नका. वरून एकेक ओळ खाली या, कुठल्या ओळीला दोन आकडे वेगळे झालेत ते शोधा आणि इथे लिहा.

जुना कॅशियर:
वरच्यांशी सहमत. मी बँकेतून रिटायर झालो, काउंटरवर असे घाबरलेले लोक खूप बघितलेत, हातात फोन चालूच, पलीकडचा माणूस कट करू देत नाही. घाई करायला लावणं हीच त्यांची युक्ती असते, विचार करायला वेळच मिळू द्यायचा नाही.

त्या नंबरवरचे मेसेज डिलीट करू नका, आधी स्क्रीनशॉट काढा, नंबर, वेळ, क्यूआर सगळं येईल असा, मग ब्लॉक करा. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार टाका. आणि बाबांना न रागवता विचारा की काही भरलं तर नाही ना, म्हातारी माणसं लाजेपोटी लपवतात. भरलं असेल तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन आणि बँकेला फोन, पहिले काही तास फार मोलाचे असतात, पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत अडवले तर परत मिळायची आशा असते.

अजून एक, रिफंडच्या नावाने येणारे मेसेज पण याच जातीचे. २०२३ मध्ये तुमचा १५,४९० रुपयांचा रिफंड मंजूर झालाय, खातं नंबर दुरुस्त करा असा मेसेज फिरत होता, केंद्र सरकारच्या पीआयबीने (पत्र सूचना कार्यालय) तो खोटा म्हणून जाहीर केला होता. रिफंड येतो तो पोर्टलवर आधी व्हॅलिडेट केलेल्या खात्यातच. एपीके फाईल, म्हणजे थेट इन्स्टॉल होणारं अ‍ॅप, पाठवून ‘नोटीस बघा’ म्हणणारे पण आहेत, ती इन्स्टॉल झाली की मोबाईलवरचे ओटीपी त्यांच्याकडे जातात. फोनमध्ये तसलं काही आलंय का तेवढं बघून घ्या.

ठाणेकर मावशी:
मी उलट्या बाजूने सांगते. आमच्या ओळखीत असे फोन येऊन येऊन लोक एवढे वैतागलेत की खरी नोटीस आली तरी फ्रॉड म्हणून सोडून देतात, आणि तेही महागात पडतं. डिफेक्टिव्ह, म्हणजे त्रुटी असलेल्या, रिटर्नची १३९(९) ची नोटीस असेल तर १५ दिवसच मिळतात, उत्तर दिलं नाही तर रिटर्न भरलंच नाही असं धरू शकतात. १४३(१)(अ) खाली आम्ही हा बदल करतोय असं विचारतात त्याला ३० दिवस. माझ्या भावाची जुन्या वर्षाची डिमांड तशीच पडून होती, पुढच्या वर्षी रिफंड त्यात वळता झाला, आधी तशी कलम २४५ ची सूचना गेली होती पण ती त्याला दिसलीच नाही.

का दिसली नाही ते महत्त्वाचं आहे. रिटर्न भरून देणाऱ्याने प्रोफाईलमध्ये स्वतःचा मेल आणि स्वतःचा मोबाईल टाकून ठेवला होता! असं कितीतरी लोकांचं असतं. सगळ्यांनी आपल्या आईवडिलांचं लॉगिन उघडून मेल, मोबाईल त्यांचा किंवा तुमचाच आहे ना ते आजच बघा प्लीज.

पंचगंगाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांनी काही भरलेलं नाही, एपीके वगैरे पण नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या पत्रावर डीआयएन नाहीये आणि खाली नुसतंच ‘इनकम टैक्स कमिशनर’ लिहून शिक्का. इंटिमेशन मात्र खरी निघाली, लॉगिनमध्ये दिसतेय. हिशेबनीस, तुम्ही म्हणालात तसं ओळीने बघितलं, उत्पन्नाचे आकडे सगळे सारखे, फक्त टीडीएसच्या, म्हणजे पेन्शनमधून आधीच कापलेल्या टॅक्सच्या, ओळीला फरक. आम्ही फॉर्म १६ (पेन्शन ऑफिसने दिलेला कपातीचा दाखला) प्रमाणे लिहिलं होतं, त्यांनी त्यातला शेवटच्या तिमाहीचा धरलेलाच नाही, २६एएसमध्ये, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या टॅक्सच्या सरकारी नोंदीत, पण ती तिमाही कोरी आहे. म्हणजे पेन्शनमधून कापून घेतले आणि भरले नाहीत? बाबांना आता चोर ठरवल्यासारखं वाटतंय, रात्री जेवले नाहीत नीट.

हिशेबनीस:
बाबांना सांगा, त्यांची काडीचीही चूक नाही, आणि कायदाही त्यांच्याच बाजूने आहे. १९६१ च्या कायद्यात कलम २०५ त्यासाठीच आहे, कापून घेतलेला टॅक्स पुन्हा ज्याचा कापला त्याच्याकडून मागायचा नाही. २०१५ मध्ये सीबीडीटीने (केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ) अधिकाऱ्यांना तसं पत्रही काढलं होतं. पण सिस्टीमला हे आपोआप कळत नाही, तिला २६एएस दिसतं तेवढंच.

पैसे भरलेच नाहीत असंही लगेच समजू नका, बऱ्याचदा भरलेले असतात पण टीडीएसच्या रिटर्नमध्ये पॅन चुकतो किंवा नाव राहून जातं. पेन्शन देणाऱ्या ऑफिसला लेखी अर्ज द्या, फॉर्म १६ आणि २६एएसची प्रत जोडा, टीडीएसचं करेक्शन स्टेटमेंट भरा असं स्पष्ट लिहा, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. नुसतं तोंडी सांगून आलात तर साहेब रजेवर आहेत यातच महिना जाईल.

दुसरीकडे पोर्टलवर ‘रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड’मध्ये डिसअ‍ॅग्री करा, कारण टीडीएस मिसमॅच, सोबत फॉर्म १६ आणि ज्यात कपात दिसते त्या पेन्शन स्लिपा अपलोड करा. भीतीपोटी अ‍ॅग्री दाबू नका, एकदा मान्य केलं की नंतर नाकारता येत नाही. २६एएसमध्ये नोंद आली की रेक्टिफिकेशनमध्ये (दुरुस्तीच्या पर्यायात) जाऊन ‘रीप्रोसेस द रिटर्न’ची विनंती टाका, डिमांड निघून जाईल.

आणि पुढे कधी खरंच टॅक्स भरायचा निघाला तर पोर्टलच्याच ई-पे टॅक्समधून, तिथे यूपीआय पण चालतं, चलन मिळतं. अर्जाचा मसुदा हवा असेल तर सांगा, उद्या सकाळी इथेच टाकतो.