मदत हवी आहे: चढाला गाडी दम सोडते, मिसिंग मारते, स्कॅनर म्हणतो 'लीन'

मंडळी, जरा डोकं लावा, माझं चालायचं थांबलंय. २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, १.२ लिटर, चार सिलेंडर, ९४ हजार किमी, गॅस किट नाही आणि कधी नव्हतं. वाईला आत्याकडे महिन्यातून एक चक्कर असते. गेले दोन महिने असं होतंय की पुण्यातून निघाल्यावर कात्रजचा बोगदा येईपर्यंत गाडी मस्त, मग हळूहळू सुस्त होत जाते, आणि खंबाटकीचा चढ लागला की तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबूनही पिकअप शून्य, झटके मारते, चेक इंजिनचा दिवा आधी लुकलुकतो मग पेटूनच राहतो. मागच्या खेपेला उसाच्या ट्रॅक्टरने ओव्हरटेक केलं, दोन ट्रॉल्यांसकट. हसू नका.

कोड दोन येतात, पी०१७१ (लीन, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि पी०३०० (मिसफायर, म्हणजे सिलेंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, पण ठराविक सिलेंडर सांगत नाही).

आतापर्यंत प्लग नवे टाकले, एअर फिल्टर नवा, थ्रॉटल बॉडी साफ केली, दोन आणि तीन नंबरची कॉइल अदलाबदल करून बघितली तर काहीच फरक नाही. इंटेकच्या सगळ्या जोडांवर, व्हॅक्यूमच्या नळ्यांवर कार्ब क्लीनर मारून झाला (कुठे हवा चोरत असेल तर आयडलिंग बदलतं), आयडलिंग जराही हललं नाही. गॅरेजवाला म्हणतोय ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) गेलाय, साडेसहा हजार. मी म्हटलं थांब जरा.

माझ्याकडे मोबाइलला जोडायचा छोटा स्कॅनर आहे त्याचे आकडे: गरम इंजिन, आयडलला लाँग टर्म ट्रिम (ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल किती टक्के वाढवतोय ते) +७, शॉर्ट टर्म (त्या क्षणापुरती) शून्याच्या आसपास. चढाला लाँग +१८ आणि वर शॉर्ट अजून +१५. पूर्ण दाबला की पुढचा ऑक्सिजन सेन्सर ०.१ व्होल्टला (म्हणजे लीन) जाऊन बसतो, तिथून हलत नाही. आयडलला +७ आहे म्हणजे कुठेतरी हवा चोरतेच आहे ना? का खरंच सेन्सर? पगार व्हायला अजून बारा दिवस आहेत त्यामुळे अंदाजाने पार्ट बदलणं परवडणारं नाही.

प्रतिसाद १:
दादा, सेन्सर बदलू नका, तो बिचारा खरं बोलतोय. आयडलला त्याचे व्होल्ट वरखाली होत असतील तर तो जिवंत आहे. मिसफायर झाला तरी न जळलेला ऑक्सिजन एक्झॉस्टमध्ये जातो आणि सेन्सर 'लीन' दाखवतो, त्यामुळे आधी मिसफायर की आधी लीन हे बघावं लागतं, पण तुमच्या कॉइल-प्लगचं झालंय.

+७ ला घाबरू नका. हल्ली पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतंय, इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, साध्या पेट्रोलला हवेचं प्रमाण (वजनाने, एका भागाला) १४.७ लागतं तिथे ई२० ला साधारण १३.५, म्हणजे तेवढ्याच हवेला जास्त इंधन, आणि जुन्या गाडीचा ईसीयू ते ट्रिममधून भरून काढतो. तुमचे +७ बहुतेक तिथेच गेले. हवा चोरत असती तर आयडलला आकडा मोठा आणि रेस केल्यावर कमी झाला असता. तुमचं बरोबर उलटं आहे, जितकं जास्त पेट्रोल मागाल तितकी गाडी उपाशी. म्हणजे पुरवठा. टाकीतला फ्युएल पंप, त्याची जाळी, नाहीतर पंपाला जाणारा करंट.

प्रेशर गेज लावायला टी-जोड लागतो, तो प्रत्येक गॅरेजमध्ये नसतो. त्याआधी फुकटातलं करा. मागची सीट उचला, पंपाच्या कनेक्टरवर मागून मल्टिमीटर लावून इंजिन चालू असताना व्होल्ट बघा, थंड असताना एकदा आणि अर्ध्या तासाने एकदा. बॅटरीपेक्षा अर्धा व्होल्ट कमी चालेल, त्याहून जास्त नको. खिडक्या-दारं उघडी ठेवा, पेट्रोलचा जरा जरी वास आला तर हात लावू नका. आणि दिवा लुकलुकत असताना गाडी रेटू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिकमध्ये (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा भाग) जाऊन जळतं आणि तो गेला की साडेसहा हजार स्वस्त वाटतील.

धागाकर्ता:
दादा, साष्टांग दंडवत. आज सकाळी भाच्याला मीटर धरायला बसवून केलं. बॅटरीवर १३.९. पंपावर थंड असताना १३.१, अर्ध्या तासाने १०.८!! कनेक्टर काढला तर एक पिन काळी पडलेली आणि शेजारचं प्लास्टिक वितळून वाकडं झालंय. म्हणजे तापला की रेझिस्टन्स वाढतो आणि पंप सुस्तावतो, आयडलला लागतंच किती म्हणून तिथे कळत नाही, घाटात कळतं. कात्रजपर्यंत बरी का चालायची तेही आत्ता डोक्यात शिरलं.

आता एकच अडलंय. पिन सैल होती म्हणून तापली, का पंप म्हातारा होऊन जास्त करंट ओढतोय म्हणून जळली? नुसता कनेक्टर बदलला आणि पंपच खादाड निघाला तर दोन महिन्यांनी नवाही जळणार. डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर सिंहगड रोडच्या आसपास कुणाकडे असेल तर रविवारी अर्धा तास मिळेल का? चहा-क्रीमरोल माझ्याकडून.