तंबोऱ्याचा लूप दर फेरीला ‘टक्’ करतो. वेव्ह ठेवू की एमपीथ्री?

काळी_चार:
मिरजेत घरातल्या मागच्या खोलीत आमच्या भजनी मंडळाचे अभंग रेकॉर्ड करतोय. पेटीला दोन माइक, पखवाजाला दोन, तंबोऱ्याला दोन, टाळ एक, गायक एक. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. सहा मिनिटांचा एक अभंग चारशे एमबीच्या वर जातो आणि लॅपटॉप आहे २५६ जीबीचा. म्हणून परवा तंबोऱ्याचा आठ सेकंदांचा तुकडा एमपीथ्री करून लूपला लावला, तर दर फेरीला बारीक ‘टक्’. कॉम्प्रेस न केलेल्या मूळ वेव्हमध्ये हे नव्हतं. सगळंच ३२० केबीपीएसच्या एमपीथ्रीत ठेवलं तर कळणार कुणाला?

धुमाळी:
टाळाला कळतं!
आधी ‘टक्’चं सांगतो. एमपीथ्री आवाजाचे ११५२ सॅम्पलचे, म्हणजे आवाजाच्या तेवढ्या सूक्ष्म नोंदींचे, ठोकळे पाडतो. तुमचा तुकडा त्या मापात बसला नाही की शेवटी शांतता भरतो, सुरुवातीलाही थोडी घुसडतो. वेव्हमध्ये असली भर नसते, म्हणून लूप सलग वाजतो.
आता टाळ. घाव पडायच्या आधीच एक पुसटसं ‘स्स्’ ऐकू येतं आणि मागची झणझण पाण्यात बुडाल्यासारखी होते. ३२० ला हे फार कमी, पण प्रत्येक वेळी दुरुस्ती करून पुन्हा एमपीथ्री काढलीत की साचत जातं. मी एकदा जागा वाचवायला काकड आरतीची सगळी रेकॉर्डिंग १२८ ला उतरवली आणि वेव्ह उडवल्या. पुढे पखवाज जरा उघडा करायला गेलो, तर टाळ नुसता खरखरला. एमपीथ्रीची परत वेव्ह करून पाहिली. फाइल अकरापट फुगली, आवाज तोच. अजून हळहळ वाटते.

पांढरी_पाच:
जागेचंच दुखणं असेल तर काम संपलेले अभंग फ्लॅकमध्ये ठेवा, तो काहीही न गमावता कॉम्प्रेस करणारा फॉरमॅट आहे. साधारण निम्म्या जागेत बसतात आणि उघडले की बिट न् बिट तोच. चालू कामाला वेव्हच. एमपीथ्री फक्त मंडळींना ऐकवायला.

काळी_चार:
आमचे गायक काका पुण्याहून व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज पाठवतात, तो चालेल?

धुमाळी:
मायक्रोफोनचं बटण दाबून पाठवलेला नको, तो कॉम्प्रेस होऊनच येतो. फोनमध्ये वेव्ह रेकॉर्ड करून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, फाइल जशीच्या तशी येते. आणि काकांना पंखा बंद करायला सांगा, फॉरमॅटपेक्षा त्याने जास्त फरक पडेल.

काळी_चार:
मूळ वेव्ह रीसायकल बिनमध्ये सापडली. ‘टक्’ गेलं. आता बायको म्हणते, तंबोऱ्याचा पंचम उतरलाय. तंबोऱ्यांसाठी प्रसिद्ध मिरजेत राहून हे ऐकावं लागतंय.